दूध आईचं, जबाबदारी सगळ्यांची



ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. त्या सात दिवसांत दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर लागतं, अंगणवाडीत कार्यक्रम होतो, पाहुणे येतात आणि ‘आईचं दूध म्हणजे अमृत’ असं सांगून जातात. पाहुण्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ते पोस्टर फक्त आईशी बोलतं. सासूशी, नवऱ्याशी, ती जिथं कामाला जाते तिथल्या मालकाशी आणि सरकारशी ते एक शब्द बोलत नाही. मग अंगावर पाजणं बंद पडलं की बोट तिच्याकडेच उठतं. ‘हिला दूधच नाही’, ‘हिला कंटाळा आहे’, ‘आजकालच्या पोरींना पाजायला नको’.

मी आधी प्रसूती वॉर्डात नर्स होते, आता वस्त्यांमध्ये काम करते. दोन्हीकडे मला एकच दिसत आलं आहे. दूध तुटतं ते माया कमी पडते म्हणून नाही. वेळ, विश्रांती, पोटभर जेवण आणि हाताशी माणूस कमी पडतं म्हणून तुटतं. म्हणून आजचा लेख बाळंतिणीपुरता नाही. तो तिच्या सासूनं, आईनं, नवऱ्यानं आणि विहारातल्या कार्यकर्त्यांनीही वाचावा.

पहिला तास कुणाचा?

बाळ जन्मलं की कोरडं करून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि पहिल्या तासाच्या आत अंगावर घ्यायचं, हा नियम आहे. त्या वेळी बाळ जागं असतं, तोंड हलवतं, आईच्या अंगाच्या वासानं स्तन शोधतं. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखतं. बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानं पान्हा फुटतो, गर्भाशय आकसतं, रक्तस्राव कमी होतो आणि आईचं मनही शांत होतं. आई-बाळाच्या नात्याला इथून सुरुवात होते.

पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट पिवळा चीक येतो, तो थोडाच असतो आणि तेवढाच पुरतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. या चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं खच्चून भरलेली असतात. तो पिळून टाकू नका. ‘दूध उतरेपर्यंत’ म्हणून मध, साखरपाणी, गुटी चाटवू नका.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ सालची आहे. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, डॉक्टर आहेत, नर्स आहेत, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकला. हा दोष आईचा कसा? वॉर्डात खाटा कमी आणि बाळंतिणी जास्त असतात, एका नर्सकडे किती तरी बाया असतात, सिझेरियन झालं की बाळ वेगळं ठेवलं जातं. मी ज्या ठिकाणी काम केलं तिथंही हेच चाले. म्हणून सोबत जाणाऱ्या बाईनं आधीच ठरवून जायचं. सिस्टरला विचारायचं, ‘सिस्टर, बाळाला छातीवर कधी द्याल?’ सिझेरियन झालं असलं तरी आई शुद्धीवर असेल, तब्येत ठीक असेल, तर बाळ अंगावर घेता येतं. फक्त कुणीतरी धरायला हवं. हे मागणं म्हणजे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

‘दूध पुरत नाही’ या वाक्याचं काय करायचं?

वस्तीत सगळ्यात जास्त कानावर येणारं वाक्य हेच. बाळ रडलं की शेजारीण म्हणते, उपाशी आहे. सासू म्हणते, वरचं दूध चालू करा. आणि बाळंतीण घाबरते.

दुधाचं गणित सोपं आहे. बाळ जितकं चोखेल तितकं दूध तयार होतं. वरचं दूध दिलं की बाळ कमी चोखतं, कमी चोखलं की दूध कमी होतं, आणि आठ-दहा दिवसांत ‘पुरत नाही’ हे खरं ठरतं. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लघवीवरून ठरवा. आठवडाभराचं बाळ फक्त अंगावर पिऊन दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याला दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. अंगणवाडीत वजन करून घ्या.

पहिले सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्यायचं. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेलं अंडं सुरू करायचं आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त अंगावर पाजत राहायचं.

डब्यातल्या पावडरीबद्दलही स्पष्ट बोलू. एक छोटा डबा आठवडाभरही पुरत नाही. मग तो पुरवून पुरवून वापरला जातो, एका चमच्याच्या ठिकाणी अर्धा पडतो. बाळाचं पोट पाण्यानं भरतं आणि वजन वाढत नाही. आपल्याकडे नळाला पाणी तासाभरासाठी येतं, ते पिंपात साठतं. बाटली उकळायला गॅस लागतो. त्या बाटलीतून जुलाब घरात येतात. कंपन्यांच्या जाहिरातबाजीला आळा घालायला देशात १९९२ साली कायदा झाला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूधपावडरीची आणि डबाबंद आहाराची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुने वाटायला, डब्यावर बाळाचं चित्र छापायला, डॉक्टर-नर्सना भेटी द्यायला बंदी आहे. तेव्हा कुणी बाळंतिणीच्या हातात ‘सॅम्पल’ डबा ठेवला तर समजून जा, तो कायदा मोडतोय.

काही वेळा मात्र अडचण खरी असते. बाळ सुस्त आहे, चोखत नाही, लघवी कमी झाली, ताप आहे, अशा वेळी घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा. स्तन दगडासारखा घट्ट, लाल झाला आणि ताप आला तर पाजणं थांबवू नका, दूध काढत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. आईला एचआयव्ही असेल तर पाजायचं की नाही हे शेजारपाजाऱ्यांनी ठरवायचं नाही. एआरटी केंद्रात विचारा, गोळ्या चालू ठेवा. आणि बाळंतीण दोन आठवडे उलटूनही सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ती नाटक करत नाही. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

नातं दुधाचं की कुशीचं?

आता एक नाजूक गोष्ट. ‘अंगावर प्यायलं नाही म्हणून पोराला आईची ओढ नाही’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ज्या आईला खरोखर पाजता आलं नाही, तिच्या काळजाला हे किती लागत असेल याचा विचार कुणी करत नाही.

१९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो नावाच्या शास्त्रज्ञानं आपले प्रयोग मांडले. आईपासून तोडलेल्या माकडाच्या पिल्लांसमोर त्यानं दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. तारेच्या आईकडे दुधाची बाटली होती. पिल्लं तिच्याकडे जायची, दूध प्यायची आणि लगेच परत येऊन कापडाच्या आईला बिलगायची. प्रयोग निर्दयी होता, आज तसा कुणी करू नये. पण त्यातून एक कळलं. बाळ नुसत्या दुधानं जोडलं जात नाही, स्पर्शानं, उबेनं, कुशीनं जोडलं जातं. अंगावर पाजण्यात दूध आणि कूस दोन्ही एकत्र येतात, म्हणून ते श्रेष्ठ. पण दूध नसलं तरी कूस कुणी हिरावून घेतलेली नाही.

हे आपल्याला शास्त्रज्ञानं सांगायची गरजही नव्हती. बौद्ध परंपरा सांगते की सिद्धार्थाच्या जन्मानंतर सात दिवसांत महामाया गेल्या. महाप्रजापती गौतमीनं स्वतःच्या नंदाला दाईकडे सोपवलं आणि सिद्धार्थाला आपल्या अंगावर पाजून वाढवलं. तीच गौतमी पुढे शाक्य स्त्रियांना घेऊन पायी वैशालीला गेली आणि पहिली भिक्खुणी झाली. आपले बाबासाहेब लहान असताना भीमाबाई गेल्या, त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं. माया रक्ताची किंवा दुधाचीच लागते असं नाही. जो रोज उचलून घेतो, ज्याच्या छातीशी झोप लागते, त्याच्याशी नातं जन्मभराचं होतं.

गौतमीनं जे एका बाळासाठी केलं, ते आपल्या मुंबईत हजारो बाळांसाठी झालं आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. ज्या आईला आपल्या बाळाला पुरून दूध उरतं, ती ते स्वखुशीनं देते. तिची एचआयव्ही, कावीळ वगैरेची तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि गोठवून ठेवतात. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या ज्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांना ते देतात. तिथं बाटलीवर जात लिहिलेली नसते. कुणाच्या घरचं दूध कुणाच्या बाळाच्या पोटात जातं हे विचारलं जात नाही. ज्या समाजानं आपल्याला पाणवठ्यावर पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच समाजाच्या शहरात ही गोष्ट रोज घडते. आपल्या बाळाचं पोट भरून दूध उरत असेल तर दान करा. आपलं बाळ अतिदक्षता विभागात असेल तर डॉक्टरांना विचारा, दूधपेढीचं दूध मिळेल का? त्यात कमीपणा नाही.

कमी वजनाच्या बाळासाठी आणखी एक उपाय आहे, त्याला पैसा लागत नाही. कांगारू पद्धत. बाळाला टोपी, मोजे, लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधून ठेवायचं, दिवसातून जमेल तितके तास. भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ साली छापून आला. कमी वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर असं ठेवलं तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. आई दमली तर बापानं छातीवर घ्यावं, आजीनं घ्यावं. भावांनो, पाजणं तुम्हाला जमणार नाही, पण हे जमेल.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच सांगितलं

आता मूळ मुद्द्यावर येते. पाजायला वेळ लागतो. नवजात बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. ज्या बाईला सव्वा महिन्यात कामावर जावं लागतं, तिनं हा वेळ आणायचा कुठून?

हा प्रश्न मुंबईत नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत जाणाऱ्या आया बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी देऊन जात. सरकारच्या लेडी डॉक्टरनं त्या काळी केलेल्या पाहणीत याची नोंद आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्याकडे रजा नव्हती आणि बाळापाशी माणूस नव्हता.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा आणि बाईच्या कष्टावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे बोलणारा माणूस दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, लाडक्या राजरत्नाला पोचवून आला होता. रमाईंच्या पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव वाचले. बाळ गमावणं म्हणजे काय हे त्या घराला माहीत होतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, असा देशातला पहिला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी खाणीत राबणाऱ्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा केल्या.

आज त्या वाटेनं आपण कुठं आलो? २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. म्हणजे सहा महिने, नेमकी पाजायला लागतात तेवढी. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं, असंही ठरलं. ऑफिसातल्या बाईला याचा फायदा झाला, चांगलंच झालं. पण आपल्या बायांचं काय? घाटकोपरच्या रमाबाई नगरातून, मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून, अंधेरी-बोरिवलीच्या चाळींतून सकाळी सातला निघून जी टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करते, तिला रजा कोण देणार? तिनं दोन महिने सुट्टी घेतली की घर सुटतं. जी कंत्राटदाराकडे झाडू मारते, तिचं नाव हजेरीपटावर असतं की नसतं! घरी बसून नगावर काम करणारीचा मालकच तिला माहीत नसतो. ती दुसऱ्याचं लेकरू सांभाळते आणि तिचं लेकरू सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. तिला पोस्टर दाखवून ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ सांगणं म्हणजे भुकेल्याला जेवणाचं वेळापत्रक वाचून दाखवणं आहे.

मग करायचं काय?

पहिलं, घरानं. बाळंतिणीला सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवायला देऊ नका. तिला रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त हवं. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, सुकट-बोंबील, अळिवाची खीर, जे घरात शिजतं ते. ‘वातूळ आहे’ म्हणून डाळ आणि फळं बंद करू नका. पाणी भरणं, धुणं, मोठ्या मुलाची शाळा हे सहा महिने नवऱ्यानं बघावं. रात्री बाळ रडलं की उचलून तिच्याजवळ आणून द्यावं.

कामावर जाणं टळत नसेल तर दूध काढून ठेवता येतं. हात साबणानं धुऊन, उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या वाटीत हातानं दूध काढायचं आणि झाकून थंड जागी ठेवायचं. आपल्या उकाड्यात चार तासांच्या आत पाजायचं. फ्रीज असेल तर आतल्या बाजूला ठेवून चोवीस तासांत. गॅसवर गरम करायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं पाजायचं. कामावरून आल्यावर आणि रात्रभर अंगावर घेतलं की दूध टिकतं.

दुसरं, विहारानं. आपल्या विहारात दुपारी जागा मोकळी असते. चार बाया मिळून तिथं पाळणाघर चालवू शकतात. महिला मंडळानं प्रत्येक बाळंतिणीच्या घरी पहिल्या आठवड्यात जायचं, ओटी भरायला नव्हे तर ती जेवली का, बाळ नीट पकडतंय का हे बघायला. वर्षावासात ग्रंथवाचन चालतं, त्यातली एक संध्याकाळ या विषयाला द्या आणि पुरुषांना पुढच्या रांगेत बसवा.

तिसरं, सरकारनं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचं लिहिलं आहे. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, दुसऱ्या वेळी ६,००० मिळतात ते मुलगी झाली तरच. दुसरा मुलगा झाला तर त्याच्या आईला भूक लागत नाही का? जे मिळतं ते तरी सोडू नका. आशाताईंकडे गरोदरपणातच नाव नोंदवा, बँक खातं आणि आधार तयार ठेवा. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगणवाडीतून आईलाही आहार मिळतो, तो मागून घ्या. घरकाम करणाऱ्यांनी २००८ च्या कायद्यानं झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. त्यात प्रसूती लाभाची तरतूद आहे. आणि नगरसेवक मत मागायला आला की गटार-लादीच्या जोडीला विचारा, वस्तीत दिवसभराचं पाळणाघर कधी देणार?

बाबासाहेबांनी आईच्या विश्रांतीला देशाचं काम म्हटलं. आपण निदान ते घराचं काम मानू या. आपल्या गल्लीत सध्या जी ओली बाळंतीण आहे, तिच्या दारात आज संध्याकाळी एक डबा आणि पाण्याचा एक हंडा पोचला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!